सम्राटाच्या हनुवटीबाबत माझे अखेरचे म्हणणे

ख्रिस्ताला स्मरून मी, दोम्निका, हा लेख माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अंत्युखिया शहराच्या टांकसाळीत ठसे कोरणारा झेबिनस याची मी विधवा, आणि त्याच टांकसाळीत नाण्यांच्या कोऱ्या चकत्या शिरका-मिठाच्या आंबट पाण्यात घासून उजळण्याच्या हौदावरची निवृत्त मुकादम. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे म्हणणाऱ्यांची नावे पुढे योग्य त्या जागी येतील. गुडघ्यांची आणि डाव्या कानाची मी हमी देत नाही, परंतु मृत्युपत्र करायला कायद्याला त्यांची गरज लागत नाही, हे मी विचारून घेतले आहे.

लेखनिक लावलेला नाही. लेखनिक एका घराला 'घर, वास्तू, निवास व राहण्याची जागा' असे म्हणतो आणि चारही शब्दांचे पैसे घेतो. मला कुमारिकांच्या मठात यूफेमिया मातांनी लिहायला शिकवले आहे. त्या मसूर पातळ करत, पण भाषा घट्ट.

यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. विशेषतः मागच्या हिवाळ्यात तापात केलेले, ज्यात मी सगळ्यांना क्षमा केली होती.

कलम पहिले. माझी नात अम्मिया हिला मी माझी एकमेव वारस नेमते. माझा मुलगा आणि सून एकाच साथीत गेले, तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. टांकसाळीमागच्या गल्लीतले दोन खोल्यांचे घर, अंगणातले अंजिराचे झाड आणि विहिरीतला निम्मा हक्क तिचा. विहिरीच्या दुसऱ्या निम्म्या हक्कात बास्सोस पाववाला येतो. त्याच्याबद्दल पुढे लिहायचेच आहे.

कलम दुसरे. वरचे कलम वाचून कोणी निर्धास्त होऊ नये, कारण त्यात अडचण आहे. टांकसाळीच्या माणसाची मालमत्ता टांकसाळीबाहेर जात नाही. माणूसही जात नाही. घणकऱ्याचा मुलगा घण मारतो, चिमट्याने चकती धरणाऱ्याचा मुलगा चकती धरतो, आणि मुलींनी लग्न आतल्या आत करायचे. बाहेरच्या कोणी आमच्यात लग्न केले, तर तोही जन्माचा आमचा.

हे मला कोणी शिकवायला नको. मी तेलाच्या व्यापाऱ्याची मुलगी. झेबिनसशी लग्न ठरवले तेव्हा सरकारी माणूस दारात तीनदा ताकीद वाचायला आला: या माणसाशी लग्न केलेस तर तुझा दर्जा जाईल, तू आणि तुझी मुले कायमची टांकसाळीची होतील. पहिल्या खेपेला माझे वडील रडले. दुसऱ्या खेपेला आई रडली. तिसऱ्या खेपेला तो माणूसच रडवेला झाला होता, कारण पाऊस लागला होता आणि आमची चढण चढून त्याचे पाय भरून आले होते. मी त्याला गरम सूप दिले आणि म्हटले, "वाचा दादा, पण आत बसून वाचा." त्याने वाचले, मी ऐकले, आणि मी टांकसाळीची झाले. पश्चात्ताप झाला नाही. राग मात्र पुष्कळदा आला.

आता अडचण अशी. अम्मियाला बास्सोस पाववाल्याचा नातू सिलास आवडतो. मुलगा चांगला आहे. खांदे रुंद, बोलणे थोडे, आजोबांचे काहीही उचललेले नाही. परंतु पाववाल्यांच्या संघाचाही कायदा आमच्यासारखाच आहे: जो त्यांच्यात लग्न करील तो भट्टीचा. म्हणजे या दोघांचे लग्न झाले की टांकसाळ म्हणणार मुलगा आमचा आणि संघ म्हणणार मुलगी आमची. मुले झाली तर तीही वाटून घेणार, अंजिरे वाटतात तशी.

अम्मिया भट्टीवर गेली तर हे घर तिला मिळणार नाही. ते टांकसाळीच्या तिजोरीत जमा होईल आणि आमचे अधिकारी हेलिओडोर साहेब ते आपल्या मेव्हण्याला देतील. हा मेव्हणा गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगणात शिरून, मी समोर बसलेली असताना, पडद्यांसाठी माझ्या खिडक्या मोजून गेला. मी विचारले, "काय चाललंय?" तर म्हणाला, "काही नाही काकू, तुम्ही बसा निवांत."

त्या दिवसापासून मी निवांत बसलेली नाही.

कलम तिसरे. म्हणून सिलासने टांकसाळीत यावे, एवढेच माझे म्हणणे होते. त्यासाठी संघाने त्याला सोडायला हवे, आणि आमच्या पेठेतल्या संघाचा मुख्य दुसरा कोणी नसून बास्सोसच आहे. मी स्वतः त्याच्या दुकानावर गेले. माझ्या गुडघ्यांची किंमत ज्याला ठाऊक आहे त्याला यावरून प्रसंग कळेल.

"सिलासला आमच्याकडे द्या," मी म्हटले. "चौथ्या कारखान्यात घणकऱ्याची जागा रिकामी आहे."

"माझ्या नातवानं घण मारायचा?" बास्सोस म्हणाला. "आणि तोही माझ्याच तोंडावर?"

येथे खुलासा करणे भाग आहे. बास्सोसचा वीस वर्षांपासून असा दावा आहे की मागे एक सम्राट गादीवर आले, त्यांच्या तांब्याच्या नाण्यावर जो चेहरा आहे तो त्यांचा नसून बास्सोसचा आहे. माझ्या नवऱ्याने तो कोरला असे तो म्हणतो. तेव्हापासून हा माणूस गिऱ्हाइकाकडे समोरून बघत नाही. दुकानात आडवा बसतो, नाण्यावर असतो तसा, आणि पाव मागणाऱ्याशी कानाने बोलतो. एकदा तर त्याने पावावर उठवायचा लाकडी छाप करून घेतला होता, त्यावर स्वतःचे तोंड आणि भोवती पानांचा मुकुट. सम्राटाची प्रतिमा परवानगीवाचून पावावर! हेलिओडोर साहेबांना घाम फुटला. प्रकरण वर जाऊ नये म्हणून त्यांनी सगळे पाव जप्त केले, आणि पुरावा नाहीसा व्हावा म्हणून त्यांच्या घरचे लोक आठवडाभर तेच खात होते. मेव्हण्याचे वजन तेव्हापासूनचे आहे.

मी त्याला उत्तर दिले, "बास्सोस, आता ठशावर दुसरे सम्राट आहेत."

"असतील. तेही जरा माझ्या वळणाचेच आहेत."

"नाक सगळ्यांनाच असतं."

"हेच! हेच तुम्ही वीस वर्षं सांगताय!" तो भिंतीकडे बघून ओरडला. "तुमची नात भट्टीवर येऊ दे. माझा नातू कुठंही जाणार नाही."

घरी आले तर अम्मिया आणि सिलास दोघे अंगणात बसलेले.

"आजी, मी जाते ना भट्टीवर," अम्मिया म्हणाली. "पीठ मळायला काय लागतं गं?"

"आजी, मी पळून येतो टांकसाळीत," सिलास म्हणाला. "घण तर घण."

"ती तुमच्याकडे आणि तू आमच्याकडे," मी म्हटले, "मग तुमची गाठ कुठे पडणार, विहिरीवर?"

सिलास हसला. अम्मिया हसली नाही. ती म्हणाली, "आजी, घर जाऊ दे. मला घर नकोय." हे बोलताना ती ज्या भिंतीला टेकून बसली होती, त्या भिंतीवर तिच्या बापाची उंची दर वर्षी कोळशाने लिहून ठेवलेली आहे. मी आत गेले आणि शाई काढली.

कलम चौथे. हत्यारे. झेबिनसच्या कोरण्या, छोटी हातोडी आणि भिंगासारखा वापरायचा पाण्याचा काचगोळा चौथ्या कारखान्याच्या सध्याच्या कोरणाऱ्याला द्यावा. अट एकच, त्याने नाण्याच्या मागल्या बाजूवरच्या विजयदेवतेच्या मानेकडे लक्ष द्यावे. सध्या ती बदकासारखी दिसते.

कलम पाचवे. कुमारिकांच्या मठाला माझी स्तोत्रांची वही आणि तांब्याचे मोठे पातेले. पातेल्यात मसूर घट्ट शिजवावा.

कलम सहावे. हेलिओडोर साहेबांना माझे तीन पायांचे स्टूल. ते मला निवृत्तीच्या दिवशी म्हणाले होते, "दोम्निकाबाई, तुमच्याशिवाय हौद सुना वाटेल," आणि त्याच दुपारी हौदावर आपल्या मेव्हण्याची बायको बसवली. तिला शिरका आणि पाणी यांतला फरक चकत्या काळ्या पडल्यावर कळला. स्टुलाचा एक पाय हलतो. तो दुरुस्त करू नये.

कलम सातवे. दफन. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा तोंडात नाणे ठेवण्याची जुनी पद्धत माझ्या बाबतीत नको. गल्लीतल्या म्हाताऱ्या तरीही गुपचूप ठेवतातच, हे मला माहीत आहे, मीही दोघींच्या तोंडात ठेवले आहे. ठेवलेच तर निदान ते नाणे कोणत्या सम्राटाचे आहे ते आधी बघावे. बास्सोस तोंडात धरून मी देवापुढे जाणार नाही.

येथे लिहिणे थांबवावे लागले, कारण तो स्वतःच आला.

जे झाले ते जसेच्या तसे लिहिते, कारण पुढचे कलम त्यातून निघाले आहे.

तो दारात उभा राहिला, अर्थात आडवा. "काय लिहिताय, दोम्निकाबाई?"

"मृत्युपत्र."

"कुणाचं?"

"तुमचं लिहिता येत असतं तर कधीच लिहून झालं असतं."

"माझं नाव आहे त्यात?"

"आहे. चांगल्या अर्थानं नाही."

तो आत येऊन बसला. मी बसा म्हटले नव्हते. थोडा वेळ हाताच्या बोटांवरचे पीठ खरवडत राहिला, मग म्हणाला, "हे पुढं वाचतात कुठं?"

"सरकारी दप्तरात. साक्षीदारांसमोर, मोठ्यानं. मग नक्कल दप्तरात राहते."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमची."

तेव्हा त्याने मान वळवली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे समोरून पाहिले. समोरून तो अगदी साधा दिसतो. डोळ्यांखाली भट्टीचा काळेपणा, एक भुवई जळून गेलेली. मी ओळखलेच नसते.

"बाई," तो म्हणाला, "लोक हसतात मला. मी म्हणतो ते तोंड माझं, तर म्हणतात म्हाताऱ्याला भट्टीची हवा लागली. माझ्या बायकोनंसुद्धा शेवटपर्यंत मानलं नाही. म्हणायची, 'तुमचं तोंड गाढवाच्या पाठीवरसुद्धा कुणी काढणार नाही.' झेबिनस गेला. आता खरं माहीत असलेलं एकच माणूस उरलंय, आणि ते म्हणतं, नाक सगळ्यांनाच असतं."

बाहेर अम्मिया विहिरीवर होती. तिच्या हातातला रहाट थांबलेला मला ऐकू आला, म्हणजे उजव्या कानाने.

"मी हे लिहून ठेवलं तर?" मी विचारले.

"काय लिहून?"

"जे खरं असेल ते. माझ्या सहीनं. दप्तरात."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "सिलास उद्या सकाळी तुमचा. संघापुढं मी स्वतः सांगतो. आणि कुणी काही बोललं तर त्याला पीठ मिळणार नाही."

"घाई नको. वाचलं जाईल ते मी मेल्यावर."

"हो हो, समजलं." तो जरा पुढे झुकला. "तसं लवकर काही आहे का?"

"बास्सोस!"

"नाही, तब्येत कशी आहे एवढंच विचारलं."

"तब्येत उत्तम आहे. आणि हे नीट ऐका. मी जिवंत आहे तोवर हे मृत्युपत्र केव्हाही फाडू शकते. लग्नानंतर सिलासला परत मागितलंत, पोरांवर हक्क सांगितलात, विहिरीवर माझ्या नातीला एक शब्द बोललात, तर दुसरं लिहीन. त्यात तुमची हनुवटीसुद्धा नसेल."

"हनुवटीपण लिहिणार आहात?" त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं नुसतं नाक."

कलम आठवे. कलम तिसऱ्यात माझ्या तोंडी जे आले आहे ते मी मागे घेते आणि पुढील साक्ष देते.

नवे सम्राट गादीवर आले तेव्हा त्यांचे चित्र राजधानीहून फळीवर रंगवून पाठवले गेले, प्रथेप्रमाणे. फळी जहाजातून आली आणि वाटेत मासळीच्या रसाचा रांजण तिच्यावर फुटला. पेटी उघडली तेव्हा आत एक पिवळा डाग होता आणि त्याला वास येत होता. त्या वेळचे अधिकारी, जे आता हयात नाहीत, त्यांनी फळीपुढे मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांना वाकायला लावले आणि झेबिनसला म्हणाले, "उद्या ठसा हवा. सैन्य पगारासाठी थांबलंय."

"साहेब, चेहरा कुठाय?"

"आहे की समोर. बघ नीट."

झेबिनस रात्रभर त्या डागाकडे बघत बसला नाही, तो शहाणा माणूस होता. पहाटे पाव आणायला गेला. बास्सोस तेव्हा चाळिशीत होता आणि एका गिऱ्हाइकाशी भांडत होता. मान वर, हनुवटी पुढे, नाक आभाळात. झेबिनस घरी येऊन म्हणाला, "दोम्निका, एवढ्याशा पावासाठी एवढा रुबाब मी राजवाड्याच्या रंगीत फळ्यांवरही पाहिलेला नाही." आणि त्याने तेच कोरले: ते नाक, नाकावरचा उंचवटा, त्या दोन हनुवट्या. केसांत मोत्यांची पट्टी घातली, एवढाच फरक. मी म्हटले, "अहो, हे त्या पाववाल्याचं तोंड आहे. फासावर जाल." तो म्हणाला, "सम्राटांना इथं पाहिलंय कुणी? आणि पाववाल्याकडं सम्राट म्हणून बघतंय कोण?"

पुढे दुसरी फळी कोरडी येऊन पोहोचली. तिच्यावरचा माणूस किडकिडीत होता आणि त्याला टोकदार दाढी होती. तोवर आमच्या नाण्यांनी निम्मा सिरिया भरला होता. अधिकाऱ्यांनी वर कळवले की राज्याच्या चिंतेने सम्राट कृश झाले असावेत. ठसा बदलला आणि विषय मिटला. हे मी आजवर बोलले नाही, कारण आधी फाशीची भीती होती, आणि भीती संपली तेव्हा बास्सोस असह्य झाला होता.

तरी शपथेवर लिहिते: ते तोंड पाववाला बास्सोस याचेच आहे. नाक त्याचे, दोन्ही हनुवट्या त्याच्या. झेबिनसने चाळीस वर्षांत अनेक सम्राट कोरले. त्याचे स्वतःचे मत असे होते की हा सगळ्यांत चांगला साधला होता, आणि मलाही तसेच वाटते.

हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला.

कलम नववे. मध्ये काही आठवडे हा लेख मिटून ठेवला होता; तेवढ्यात बास्सोसने शब्द पाळला. संघापुढे उभा राहून त्याने नातवाला सोडले. हेलिओडोर साहेब आधी कुरकुरले, पण सिलासचे दंड पाहिल्यावर त्यांनी मेव्हण्याचा विषय काढला नाही. ताकीद वाचायला सरकारी माणूस तीनदा आला, या खेपेला भट्टीच्या दारात, आणि तिन्ही वेळा बास्सोसने त्याला गरम पाव दिला. मागच्या रविवारी लग्न झाले. सिलास आता चौथ्या कारखान्यात घण मारतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी दंड सुजवून आला आणि अम्मियाला म्हणाला, "पीठ परवडलं." ती त्याला शिरक्याच्या पट्ट्या बांधत होती आणि हसत होती. घर आता कायद्याने तिचे होऊ शकते आणि ते तिचेच आहे. खिडक्यांना पडदे ती तिच्या आवडीचे लावील.

कलम दहावे, आणि शेवटचे. बास्सोस माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. लग्न झाल्यापासून त्याने दारू सोडली आहे, जवाची पेज पितो, रोज हमामापर्यंत चालत जातो आणि सकाळी भिंतीवरून विचारतो, "दोम्निकाबाई, आज कसं वाटतंय?" त्याला हे मृत्युपत्र उघडताना ऐकायचे आहे, म्हणून तो मरायला तयार नाही. मीही नाही. यात कोण जिंकेल ते परमेश्वर जाणे.

परंतु अम्मियाने परवा मला विचारले, "आजी, ते आधी गेले तर?" मी तिला रागावले. नंतर रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा असे ठरवते: बास्सोस माझ्याआधी अंथरुणाला खिळला आणि परत उठण्याची चिन्हे नसली, तर मला त्याच्या घरी नेण्यात यावे. चालवत नसेल तर खुर्चीवरून न्यावे. मी माझ्याजवळ ठेवलेल्या प्रतीतून कलम आठवे त्याला स्वतः वाचून दाखवीन, त्याच्या घरच्यांसमोर, मोठ्याने, हनुवट्यांसकट. त्या वेळी त्याला भिंतीकडे तोंड करू देऊ नये.

एकदाच वाचीन. नीट ऐकू आले नाही असे तो म्हणणार. तरी पुन्हा वाचणार नाही. फार तर शेवटचे वाक्य.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून खाडाखोड फक्त सहाव्या कलमात आहे. तेथे आधी जो शब्द होता तो मठात शिकलेल्या बाईला शोभणारा नव्हता.

सही: दोम्निका, झेबिनसची विधवा

साक्षीदार, प्रत्येकाने मजकूर न वाचता स्वतःच्या मुद्रेने:
मार्किआनोस, ठसे कोरणारा, चौथा कारखाना
थिओटेक्नोस, वजने तपासणारा
रोमूलोस, घणकरी (मोठ्याने बोलावे)
आब्राम, तेलविक्या
एव्ह्ग्रिओस, मठाचा हिशेबनीस
मालखोस, हमामाचा रखवालदार
बास्सोस, पाववाला (मजकूर न वाचण्याची अट याला दोनदा सांगावी लागली)

अंत्युखिया, टांकसाळीमागची गल्ली. गोर्पियाइओस महिन्याचा शेवटचा आठवडा, शहराच्या शकाचे चारशे एकतिसावे वर्ष.